साडेतीन सुताचा बोल्ट

मुलांनो, बोल्टचं डोकं तुम्ही कधी वाचलं आहे का?

हसू नका! मीसुद्धा अशीच हसले होते. पुस्तक वाचतात, दुकानाची पाटी वाचतात, एसटीवरचं गावाचं नाव वाचतात. पण बोल्ट? आणि तोही डोक्याकडून? गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला हे वाचन शिकवलं. मी शाळेत मुलांना बाराखडी शिकवते, आणि त्या दिवशी मीच पाटी घेऊन बसल्यासारखी त्यांच्यासमोर बसले होते. कारण चूक माझी होती.

त्याचं असं झालं. अमरावतीत आमच्या गल्लीत एक निवृत्त काका राहतात. त्यांच्याकडे आकाशी रंगाची एक जुनी मोटार आहे, स्टँडर्ड हेराल्ड. हिचं बोनेट इतर गाड्यांसारखं उघडत नाही. मगरीनं जबडा उघडावा तसं अख्खं तोंडच पुढच्या बाजूला उलटतं आणि आतलं इंजिन, पुढची चाकं, सगळं उघडं पडतं. गल्लीतली मुलं ते पाहायला हमखास जमतात.

ही हेराल्ड मूळची इंग्लंडची. तिकडे ती १९५९ साली 'ट्रायम्फ हेराल्ड' या नावानं निघाली. तिचा आकार काढला मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कलाकारानं. १९६१ पासून मद्रासजवळच्या कारखान्यात ती आपल्याकडे 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून तयार होऊ लागली. १९६२ साली इंग्लंडात त्याच कंपनीनं हेराल्डच्याच सांगाड्यावरून दोन माणसांची एक बुटकी, चपळ स्पोर्ट्स कार काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं नाव तिला दिलं, 'स्पिटफायर'. १९८० पर्यंत ती बनत होती आणि आजही जगभरचे हौशी लोक ती जपतात. म्हणजे आमच्या काकांची साधीसुधी हेराल्ड ही त्या नखरेल स्पिटफायरची चुलत बहीण! दोघींच्या पुढच्या चाकांची जोडणी जवळजवळ एकच. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तर काकांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून खट्-खट् आवाज येऊ लागला. आधी खड्ड्यात, मग सपाट रस्त्यावरही. काकांना दिवाळीत नातीला घेऊन चिखलदऱ्याला जायचं होतं. परतवाड्यापुढचा तो घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिथं पुढचं चाक खटखटणारी गाडी नेणं म्हणजे खेळ नव्हे. काकांनी गाडी टेम्पोवर चढवली आणि अकोल्याला पाठवली. तिथले हे मिस्त्री हेराल्डचे जुने जाणकार. त्यांनी चाक उघडलं, आतले चार बोल्ट बाहेर काढले आणि निरोप दिला, "असे चार नवे आना."

नेमका काकांना ताप आला. मी रविवारी भाचीला घेऊन माहेरी, अकोल्याला, जाणारच होते. काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना बोल्ट माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "बाई, येवढं काम करा."

मी अमरावतीतच एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. जुना बोल्ट काउंटरवर ठेवला. नव्या बोल्टांतून लांबी जुळवली, जाडी नजरेनं जुळवली. दुकानदारानं विचारलं, "साधे देऊ की स्टीलचे?" मी मोठ्या दिमाखात म्हटलं, "स्टीलचे, चमकणारे. गंजायला नकोत!" चार बोल्ट, चार नट, चार वायसर. पिशवीत घातले आणि एसटीत बसले.

अमरावती-अकोला रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सहा, आताचा त्रेपन्न. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. माझ्या लहानपणी मात्र बडनेरा सोडलं की मूर्तिजापूरपर्यंत पोटातलं पाणी हलायचं. तेव्हा बाबा सांगायचे, "गाडीचे पाटे चांगले असले म्हणजे खड्डा कळत नाही." पाटे म्हणजे एसटीच्या चाकांवर एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या. चाक वर उसळलं की त्या वाकतात आणि धक्का गिळतात. जुन्या बैलगाडीला हे नसतं. तिथं चाकाचा दणका आसातून थेट आपल्या कंबरेत! मोटारीत धक्का गिळणाऱ्या या सगळ्या जोडणीला सस्पेन्शन म्हणतात. हेराल्डला मागे एक आडवा पाटा असतो आणि पुढे प्रत्येक चाकाला एक स्प्रिंग. स्प्रिंगबरोबर चाक वर-खाली व्हायचं तर ते कशाला तरी बिजागरीनं जोडलेलं हवं ना? दाराच्या बिजागरीत मधोमध एक खीळ असते, तशी चाकाच्या बिजागरीत असते ती खीळ म्हणजे हा बोल्ट.

गॅरेजमध्ये मिस्त्री जमिनीवर पोतं टाकून बसले होते. मी पिशवी पुढे केली. त्यांनी एक बोल्ट उचलला, उन्हात धरला आणि तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"हे कोनं घेतले?"

"मी."

"जुना पाहून घेतले असन."

"हो, अगदी लांबी-जाडी जुळवून."

"मंग बरोबर हाय. आजारी मानसाच्या मापावर चांगल्या मानसाचे कपडे शिवून आनले तुमी!"

भाची फिस्सकन हसली. मला काही कळेना. मिस्त्रींनी जुना बोल्ट चिंधीनं पुसला आणि तिच्या हातात दिला. "पोरी, बोटं फिरव." तिनं फिरवली. मधोमध बोटाला खळगा लागत होता. वर्षानुवर्षं घासून बोल्ट तिथं झिजला होता. मी जाडी जुळवली होती ती या झिजलेल्या जागेची!

मग त्यांनी डब्यातून व्हर्निअर काढला. बोल्टच्या न झिजलेल्या टोकाशी माप निघालं अकरा मिलिमीटर आणि वर एक दशांश. माझा नवा बोल्ट भरला दहा. "साडेतीन सूत हाय हा," मिस्त्री म्हणाले, "दहा एमएम नाई."

सूत म्हणजे काय, हे आपल्या सुतार-लोहार-मिस्त्री मंडळींना विचारा. एका इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. एक इंच २५.४ मिलिमीटर, म्हणून एक सूत ३.१७५ मिलिमीटर. आता साडेतीननं गुणा. ११.११ येतं की नाही? हेराल्ड जन्मली तेव्हा इंग्लंडमध्ये मोटारी इंचात बनायच्या. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि हळूहळू सगळं मिलिमीटरमध्ये आलं, पण जुन्या गाड्यांच्या पोटात इंच तसाच राहिला. आज दुकानात सहज मिळतो तो मिलिमीटरचा बोल्ट. तो इंचाच्या भोकात 'बसतो', म्हणजे आत जातो. पण बसणं आणि नुसतं आत जाणं यात फरक आहे. अकरा मिलिमीटरच्या भोकात दहाचा बोल्ट घातला तर उरलेल्या जागेत तो प्रत्येक खड्ड्याला आपटणार. मग पुन्हा खट्-खट्!

जाडीसारखीच आट्यांची गंमत. बोल्टवरच्या नागमोडी चढाला आपण आटे म्हणतो. तेही सगळीकडे सारखे नसतात. पूर्वी तर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं पहिल्यांदा सर्वांसाठी एकच माप सुचवलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे नट अमेरिकन बोल्टांवर चढेनात. तेव्हा शहाणे होऊन इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ साली एकत्र बसून समाईक आटे ठरवले. हेराल्डमध्ये आहेत ते यातले बारीक आटे. त्यांचं नाव यूएनएफ. साडेतीन सुताच्या बोल्टवर एका इंचात असे २० आटे असतात. मी आणलेल्या दहा मिलिमीटरच्या बोल्टवर एका इंचात साधारण १७. मोजायचे असतील तर बोल्टवर कागद दाबून धरा आणि पेन्सिल आडवी घासा. रेघा उमटतात. त्यावर फूटपट्टी ठेवा आणि मोजा. माझ्या भाचीनं तिथंच मोजले.

मला वाटलं, माप चुकलं एवढंच ना, बदलून आणू. मिस्त्रींचं अजून संपलं नव्हतं. "आता याचं डोकं वाचा," ते म्हणाले.

बोल्टच्या डोक्यावर बारीक अक्षरं उठवलेली होती, 'ए२-७०'. मी कधी पाहिलीच नव्हती! मिस्त्री म्हणाले, "हा चमकते लय. पन गाडीले चमक नाई लागत, जोर लागते." त्यांनी बाजूच्या जीपचा एक काळसर, अजिबात न चमकणारा बोल्ट दाखवला. त्याच्या डोक्यावर होतं '८.८'. बाजारात यांना हायटेन्शन बोल्ट म्हणतात.

या आकड्यांचा अर्थ मी घरी येऊन नीट पाहिला. पहिल्या ८ ला शंभरनं गुणायचं, ८००. म्हणजे त्या पोलादाचा एक चौरस मिलिमीटर तुटायला ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलोचं ओझं लागतं. समजा, त्या पोलादाची जेमतेम एक मिलिमीटरहून किंचित जाड तार काढली, तर एक धष्टपुष्ट माणूस तिला लटकू शकेल! टिंबानंतरचा ८ सांगतो की या ओझ्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ किलोपर्यंत, बोल्ट ताणला तरी सोडल्यावर पुन्हा मूळच्या लांबीवर येतो. त्यापुढे तो कायमचा लांबतो, जुन्या इलॅस्टिकसारखा. माझा चमकणारा ए२-७० तुटायला ७० किलो लागतात. वाटतं, फार फरक नाही. पण तो कायमचा लांबायला ४५ किलोलाच सुरुवात करतो. आणि लांबलेला बोल्ट म्हणजे सैल बोल्ट.

स्टेनलेस स्टील वाईट, असं मात्र समजू नका हं. पाण्याच्या टाकीला, खिडकीला, स्वयंपाकघरात त्याच्यासारखं दुसरं नाही. चाकाच्या बिजागरीचं काम त्याचं नव्हे, इतकंच. आणि ज्याच्या डोक्यावर काहीच लिहिलेलं नाही असा बोल्ट? मिस्त्री म्हणाले, "ज्याले नाव नाई, गाव नाई, त्याले घरात कसं घ्याचं?"

तिसरी चूक सगळ्यांत बारीक होती. माझ्या बोल्टवर डोक्यापासून टोकापर्यंत आटेच आटे होते. याला फुल थ्रेड म्हणतात. जुन्या बोल्टवर फक्त टोकाला आटे होते आणि बाकीचा दांडा गुळगुळीत. मी तर उलट खूश झाले होते, आटे जास्त म्हणजे पकड जास्त! पण बिजागरीच्या खिळेवर ओझं उभं येत नाही, आडवं येतं. विळीवर भेंडी चिरतो तसं दोन बाजूंचं लोखंड बोल्टला मधेच कापू पाहतं. अशा जागी गुळगुळीत दांडा हवा. शाम्पूची पुडी आठवा. तिच्या कडेला बारीक चीर दिलेली असते आणि पुडी नेमकी तिथूनच फाटते. आट्याची प्रत्येक खाच म्हणजे बोल्टला दिलेली तशी एक चीर. तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय खाचेमुळे जाडीही कमी होते. सातवी-आठवीतल्या मुलांनी गणित करून पाहावं. ११.१ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचं क्षेत्रफळ जवळपास ९७ चौरस मिलिमीटर भरतं. दहा मिलिमीटरच्या बोल्टचं आट्यांतलं कामाचं क्षेत्रफळ धरतात ५८. मी काकांच्या गाडीसाठी मापानं, धातूनं आणि घडणीनं, तिन्ही बाजूंनी कमजोर बोल्ट आणले होते. आणि सगळ्यांत कहर म्हणजे ते जुन्यापेक्षा दिसायला सुंदर होते.

परत येताना एसटीत मला एका विमानाची गोष्ट आठवली. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघालं. सतरा हजार फुटांवर असताना वैमानिकासमोरची काच एकाएकी उडून गेली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला! आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले. सहवैमानिकानं वाऱ्याच्या त्या घोंघाटात विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कप्तानासह सगळे, ८७ च्या ८७ जण वाचले. आदल्या दिवशीच ती काच बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट मापापेक्षा बारीक निघाले. किती बारीक? ०.६६ मिलिमीटर! उरलेले सहा लांबीला कमी. बदलणाऱ्या माणसानं जुना बोल्ट हातात धरून, अंधूक उजेडात, नजरेनं नवे जुळवले होते. भांडारातल्या माणसानं योग्य नंबर सांगितलाही होता. पण जुने निघालेले बोल्ट वेगळे दिसले, म्हणून यानं जुन्यावरच विश्वास ठेवला. आणि ते जुनेसुद्धा आधीच कोणीतरी चुकीचे बसवलेले होते!

हे आठवलं आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मीही काउंटरवर हेच केलं होतं. ते विमान होतं, ही हेराल्ड आहे, पण घाटात दरी दोघांना सारखीच.

मग बरोबर बोल्ट मिळाले कुठून? मिस्त्रींनी काकांना फोन करून विचारलं, "गाडीचं पुस्तक हाय का?" हेराल्डचं दुरुस्तीचं पुस्तक काकांकडे नव्हतं. पण स्पिटफायरचं होतं, कुण्या हौशी मित्रानं दिलेलं. चुलत बहिणीचं पुस्तक कामी आलं. त्यातून माप, आटे, लांबी आणि ताकद उतरवून काकांनी मुंबईच्या पुतण्याला पाठवली. मुंबईत नागदेवी स्ट्रीट म्हणून नट-बोल्टांचा मोठा बाजार आहे. पुतण्यानं तिथून दोन प्रकारचे बोल्ट धाडले. दोन्ही साडेतीन सूत, बारीक आट्यांचे, हाफ थ्रेड. एकाच्या डोक्यावर तीन रेघा होत्या, दुसऱ्याच्या सहा. इंची बोल्टांवर ताकद आकड्यांऐवजी अशी रेघांनी सांगण्याची अमेरिकन पद्धत आहे. तीन रेघांचा साधारण ८.८ च्या बरोबरीचा, सहा रेघांचा १०.९ च्या.

पुढच्या रविवारी मी आणि भाची पुन्हा हजर. तिनं लगेच विचारलं, "मिस्त्रीकाका, सहा रेघांचा जास्त मजबूत, मग तोच का नाही?" मिस्त्रींनी पुस्तकातल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तीन रेघांचा उचलला. म्हणाले, "जेवढं सांगतलं तेवढंच. लय कडक मानूस वाकत नाई, एकदम तुटते." सहा रेघांचाही कदाचित चालला असता. पण कडक पोलादाला एक खोड असते. त्यावर क्रोमसारखा मुलामा चढवताना हायड्रोजन वायू आत शिरला तर ते आतून ठिसूळ होतं आणि काही दिवसांनी काही न सांगता तुटतं. जुन्या गाड्यांचे हौशी लोक बोल्ट चमकवायला देतात, त्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आलेले बोल्ट थोडे लांब होते. मिस्त्रींनी मुद्दाम तसेच मागवले होते. लांब बोल्टला गुळगुळीत दांडाही लांब मिळतो. बिजागरीच्या आत सगळा दांडाच येईल असं पाहून त्यांनी शेपटाकडचे जास्तीचे आटे करवतीनं कापले आणि कानशीनं साफ केले. नट नवेच घेतले, आत नायलॉनची कडी असलेले. ती कडी एकदा वापरली की ढिली होते, म्हणून जुना नट पुन्हा लावायचा नाही. आणि गंमत पाहा, जिथं रबरी बुश होते तिथले बोल्ट त्यांनी आधी नुसते हातानं लावले. गाडी जॅकवरून खाली घेतली, चाकांवर उभी केली, दोनदा दाबून हलवली आणि मगच पाना लावून आवळले. गाडी टांगलेली असताना आवळले असते तर खाली येताच रबराला कायमचा पीळ बसला असता. शेवटी लांब दांड्याचा टॉर्क पाना आला. हा पाना ठरलेला जोर आला की 'टिक्' असा आवाज करतो. मिस्त्री एकेक टिक् ऐकून पुढे सरकत होते. माझ्या भाचीनंही एक आवळला, त्यांच्या हातावर हात ठेवून.

निघताना मिस्त्रींनी काकांना बजावलं, "दोनशे किलोमीटर झाले का परत आना, पाना लावून पाह्यतो."

काका, त्यांची नात आणि आकाशी हेराल्ड चिखलदऱ्याला जाऊन आले. काका सांगत होते, खटखट गेल्यामुळे आता दारं किती वाजतात ते ऐकू यायला लागलं आहे. परत आल्यावर ते आधी अकोल्याला गेले, पाना लावून घेतला. एक नट किंचित फिरला म्हणे.

माझे चार चमकदार बोल्ट दुकानात परत करायला मला लाज वाटली. आमच्या वर्गाचा फळा भिंतीवरून सुटायला आला होता, त्याला लावले. मधल्या सुट्टीत मुलं स्टुलावर चढून त्यांची डोकी वाचतात.